पुढे नऊशे, मागे नऊशे

१

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास माझ्या जावयाने प्रदर्शनाच्या दारात पिकअपचा मागचा फाळका पाडला, दोर सोडले, कांबळं ओढलं आणि तिथेच मटकन खाली बसला. कांबळ्याखाली त्याने बनवलेली खणांची पेटी नव्हती. पेटीच्याच मापाचा, पातळ प्लायचा एक कच्चा खोका होता. तो त्यानेच चार महिन्यांपूर्वी मापं बघायला ठोकला होता आणि वर्कशॉपमध्ये त्याच्याच कोपऱ्यात पडून असायचा.

शुक्रवारी सकाळी माझ्या लेकीने हे मला सांगितलं, माझ्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्या, चप्पलसुद्धा न काढता. वर्कशॉपच्या मालकीणबाईंनी जावयाला शेवटचं सांगून टाकलं होतं. शनिवारी दुपारी बाराला परीक्षक येतात, त्याच्या आत पेटी प्रदर्शनात दिसली पाहिजे. नाही दिसली, तर त्याने पुन्हा वर्कशॉपची पायरी चढू नये, आणि पुढचं पोलीस बघतील.

"त्यांना वाटतं यानेच ती समोरच्या वर्कशॉपला दिली," लेक म्हणाली. "आई, पाच महिने हा माणूस झोपेतसुद्धा खण ओढत होता."

ते मला माहीत होतं. त्या पाच महिन्यांत मी पिकअपबद्दल नको तितकं शिकले. पिकअपच्या हौद्याची रड अशी, की आत दोन्ही बाजूंनी चाकांचे फुगवटे येतात आणि जागा खातात. उरलेल्या जागेत खणांची पेटी बसवली तर केबिनकडच्या खणाला हात पोचत नाही. प्लंबर असो की वायरमन, एका स्क्रूसाठी त्याला गुडघ्यांवर हौद्यात चढावं लागतं. जावयाने काय केलं, तर ज्या फुगवट्यांना सगळे शिव्या घालतात त्यांच्याच डोक्यावर रूळ बसवले. रस्त्यावर उभं राहून एका हाताने ओढलं की नऊ खणांची अख्खी पेटी सरकत फाळक्यापर्यंत यायची. पेटीचा तळ दोन्ही बाजूंनी त्या फुगवट्यांच्या आकारात कापलेला होता, त्यामुळे ती त्याच जातीच्या पिकअपमध्ये नीट बसायची, दुसरीकडे नाही.

"आई," लेक म्हणाली आणि माझी नजर चुकवली, "मावशीला विचार ना."

मला हेच ऐकायचं नव्हतं.

२

मावशी म्हणजे माझी थोरली बहीण. एकतीस वर्षं ती हमरस्त्यावरच्या वजनकाट्याच्या काचेच्या खोलीत बसली. ट्रक काट्यावर चढायच्या आधी चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्या किती दबल्यात ते नुसतं बघून ती वजन सांगायची, आणि दहा-वीस किलोच्या पलीकडे चुकायची नाही. लपवलेलं भंगार, ओली वाळू, टाकीत लपलेला माणूस, सगळं तिने काट्यावर पकडलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी लोक आपली गाऱ्हाणी घेऊन तिच्याकडे जातात. सगळे तिला काटेताई म्हणतात. मला 'काटेताईंची बहीण' म्हणतात. माझं वय एकसष्ट आहे.

आणखी एक सांगून ठेवते, कारण ते पुढे लागणार आहे. काट्यावरच्या त्या नोकरीची जाहिरात पेपरात मी पाहिली होती. मीच ती ताईला दाखवली होती. ती नोकरी तिला लागली, आणि त्या दिवसापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते अजून थांबलेलं नाही.

ताईने दार उघडलं. "तू? आणि शुक्रवारी?"

"इकडून जात होते," मी म्हणाले. माझं घर दोन बस बदलून आहे. तिने ते लक्षात आलं नाही असं दाखवलं, त्याचाही मला राग आला.

जावई मागून येऊन खुर्चीच्या टोकावर बसला. त्याची दाढी वाढली होती. ताईने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि त्याला तो अर्धा पिऊ दिला.

"हौदा कोणी भरला?" मग तिने विचारलं.

"मिस्त्रींनी. आमच्याकडे हौदा मिस्त्रींनीच भरायचा, हा नियम आहे. सव्वीस वर्षं तेच भरतात. जड ते केबिनकडे, हलकं ते फाळक्याकडे. मला सगळं त्यांनीच शिकवलंय, मावशी."

"आणि तू कुठे होतास?"

"सकाळी त्यांनीच मला छापखान्यात पाठवलं, माहितीपत्रकं आणायला. परत आलो तर गाडी भरून, बांधून तयार. साडेनऊला निघालो. दहाला दहा कमी असताना काट्यावर वजन केलं. पुढे चहाला थांबलो, बारा मिनिटं. मग थेट प्रदर्शन."

"दोर उघडलेले होते?"

"नाही. मिस्त्रींची गाठ जशीच्या तशी होती. पण ती सोडली मीच, बघायला दुसरं कोणी नव्हतं."

"आता डोळे मीट आणि फाळक्याकडून आत जा. काय काय दिसतं?"

जावयाने खरंच डोळे मिटले. "फाळक्याजवळ पाण्याचे पाच कॅन. मग घडीचं टेबल, दोन खुर्च्या. उभे लावलेले फलक. आणि केबिनला टेकून, कांबळ्याखाली, पेटी." तो थांबला. "म्हणजे खोका."

ताईने मान हलवली. तिच्या कपाळावर एक आठी आली, लहानपणी गणित सुटायला लागलं की यायची तशी. ती आठी मी ओळखते, आणि मला ती कधीच आवडली नाही.

"चल," ती मला म्हणाली. "वर्कशॉप बघू."



३

मालकीणबाईंनी आम्हाला ऑफिसात बसवलं आणि दोन कागद ताईसमोर सरकवले. त्यांचा चेहरा झोप न झालेल्या माणसाचा होता.

"तुम्ही काट्यावरच्या, तुम्हाला वेगळं सांगायला नको," त्या म्हणाल्या. "ही बुधवारची पावती, रिकाम्या गाडीची. चालक तोच. सोळाशे चाळीस किलो. ही गुरुवारची, दहाला दहा कमी. अठराशे. म्हणजे माल एकशे साठ. आता माझी यादी बघा. पेटी एकशे बारा. फलक, टेबल, दोन खुर्च्या मिळून अठ्ठेचाळीस. बेरीज एकशे साठ. किलोलासुद्धा फरक नाही."

"म्हणजे काट्यावर पेटी गाडीत होती," मी म्हणाले.

"होतीच. आणि काट्यानंतर गाडी एकाच ठिकाणी थांबली, त्या चहाच्या टपरीवर. तो खोका बारा किलोचा आहे, आधीच तिथे नेऊन ठेवता येतो. समोरच्यांची दोन माणसं आली असतील, पेटी उतरवली, खोका चढवला, झालं." त्यांनी यादी उलटी करून ठेवली. "या मुलाला मी घरचा समजत होते. म्हणून जास्त लागलं."

मी जावयाच्या बाजूने भांडायला आले होते. पण कागद खोटं बोलत नाही. ताईने दोन्ही पावत्या नाकाजवळ धरून वाचल्या. पावतीवर वजन दोनदा असतं, पुढच्या चाकांचं वेगळं आणि मागच्यांचं वेगळं, आणि खाली बेरीज. लोक बेरीज वाचतात आणि घडी घालतात.

"ह्या मी जरा वेळ ठेवू?" ताईने विचारलं. बाईंनी हो म्हटलं.

टेबलावर माहितीपत्रकांचा गठ्ठा होता. वरचं मी उचललं. पेटीचा छान फोटो, खाली 'रचना आणि बांधणी' आणि त्याच्यापुढे माझ्या जावयाचं नाव. एकट्याचं. मला अभिमान वाटला. मग माझ्या लक्षात आलं, की नाव एकटं छापलेलं असलं की मला ते कोणाचंही असो, जरा टोचतं.

"चहा आणि बाकी बोलणं खाली करू," बाई म्हणाल्या. "पण सांगून ठेवते, आमच्या रंगाऱ्याकडून काही निघणार नाही. तो तोंड उघडत नाही."

खाली रंगाऱ्याने आम्हाला बघितलं आणि हातातला ब्रश खाली पाडला.

४

रंगारी पन्नाशीचा, किडकिडीत माणूस. ताईने त्याला काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, "मी समोर जातो ते रविवारचं. सुट्टीच्या दिवशी. तिथे मी फक्त दारं रंगवतो."

मालकीणबाईंचा चहा घशात अडकला. त्यांना हे माहीत नव्हतं. मला वाटलं, सापडला चोर.

"रविवारचं राहू दे," ताई म्हणाली. "गुरुवारी तुम्ही कधी आलात?"

"नऊला. तेव्हा कांबळं घालून, दोर आवळून झालं होतं. मिस्त्री सातलाच येतात, चेन कप्पी लावतात आणि एकटे चढवतात. त्यांना मदतीला कोणी गेलेलं आवडत नाही. मी फक्त पाण्याचे कॅन भरून दिले."

"पाणी कशाला? प्रदर्शनात नळ नाहीत?"

"मिस्त्री म्हणाले, तिथलं पाणी कसं असेल सांगता येत नाही. गळ्यापर्यंतच भर म्हणाले, काठोकाठ नको, गाडीत हिंदकळतं. दोन कॅनमधलं थोडं ओतायलाही लावलं."

ताईने "बरं" म्हटलं आणि त्याला सोडून दिलं. मला तर त्याची मान पकडावीशी वाटत होती.

मिस्त्री मागच्या बाजूला होते. जेवणाची सुट्टी चालू होती आणि ते फरशीवर सतरंजी टाकून आडवे झाले होते. आम्हाला बघून कमरेला हात लावत उठले. साठीच्या आसपासचे, रुंद मनगटांचे, बोलायला गोड.

"पोरगं गुणी आहे," ते ताईला म्हणाले. "माझ्याच हाताखालचं. मोह पडला असेल. या वयात होतं. मी बाईंना म्हटलंय, पोलीस नको."

"फरशीवर झोपता?" मी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"पाठ धरलीय. कडक जागा बरी."

"नाहीतर यांचा पलंग तो," बाई कोपऱ्याकडे बोट दाखवत म्हणाल्या. तिथे एका मोडीत गेलेल्या पिकअपचा नुसता हौदा चार ठोकळ्यांवर ठेवला होता. आमच्या गाडीच्याच जातीचा, रंग उडालेला. "वीस वर्षं दुपारची झोप त्याच हौद्यात. कोणी त्यात एक खिळासुद्धा ठेवलेला चालत नाही."

आज त्यात प्लायच्या फळ्या रचल्या होत्या, काठापर्यंत, वर ताडपत्री. मिस्त्रींनी स्टूल ओढून घेतलं आणि बसले. बाकी सगळ्यांची स्टुलं दाराकडे तोंड करून होती, उजेडाकडे. त्यांचं तेवढं त्या हौद्याकडे होतं.

"येतो आम्ही," ताई म्हणाली आणि मला कोपराने ढोसलं. बाहेर येताच ती फुटपाथवर थांबली. "चोर कोण ते कळलं. पेटी कुठे आहे ते मात्र काही केल्या सुचत नाही."

चाळीस वर्षांत पहिल्यांदाच ताईला काहीतरी येत नव्हतं. मला आतून इतकं बरं वाटलं की माझीच मला लाज वाटली.

५

समोर एका दुकानाची पायरी होती. आम्ही दोघी तिथे बसलो. ताईने पावत्या मांडीवर पसरल्या.

"बाईंच्या यादीत काय नाही?" तिने विचारलं.

मी यादी आठवली. पेटी, फलक, टेबल, खुर्च्या. मग जावयाचे मिटलेले डोळे आठवले. "पाणी."

"पाणी. एकतीस वर्षं मी हेच बघितलं. चालक लोखंड मोजतो, लाकूड मोजतो, पाणी कधी मोजत नाही. त्याच्या लेखी पाणी हा मालच नाही. पण काटा पाणी मोजतो. पाच कॅन, एकेक वीस किलोचा धर. शंभर झाले. आता पेटी खरंच गाडीत असती, तर काट्यावर किती भरायला हवं होतं?"

"एकोणीसशे."

"आणि भरलं अठराशे. शंभर पाण्याचे, बारा खोक्याचे, झाले एकशे बारा. पाणी आणि खोका मिळून बरोब्बर पेटीइतकं. म्हणून दोन कॅनमधलं पाणी ओतायला लावलं. हे हिंदकळायच्या भीतीने नाही, मापासाठी."

इतकं सोपं होतं आणि मला दिसलं नव्हतं. तेच नेहमीचं.

"आणखी बघ. रिकाम्या गाडीत पुढच्या चाकांवर नऊशे वीस. एकशे बारा किलोची पेटी केबिनला टेकून असती तर पुढचा आकडा वाढला असता. गुरुवारी किती आहे? पुढे नऊशे, मागे नऊशे. माल भरल्यावर गाडीचं नाक रिकाम्यापेक्षा हलकं झालं. म्हणजे सगळं जड अगदी फाळक्याला होतं, मागच्या चाकांच्याही पलीकडे, आणि त्याने गाडी मागे दाबली. जड ते केबिनकडे हे ज्याने सगळ्यांना शिकवलं, त्यानेच हौदा उलटा भरला. खोक्याला पातळ प्लाय, त्यात कॅन ठेवले असते तर तळ निघाला असता. आणि कांबळ्याखाली सापडलेलं पाणी कोणालाही खटकलं असतं. फाळक्याजवळचं पाणी कोणाला खटकत नाही."

"म्हणजे पेटी वर्कशॉपमधून निघालीच नाही."

"निघाली नाही. काट्याच्या आधी गाडी कुठे थांबली नव्हती. जावई छापखान्यात होता, रंगारी नऊला आला. सातपासून तिथे एकटा माणूस होता." ताईने चष्मा काढून पुसला. "पण पेटी कुठे? हे नुसतं बोलून दाखवलं तर मिस्त्री हसतील. उद्या बारापर्यंत पेटी हवी. मला वाटतं त्यांनी ती तोडून जाळली असणार. मग संपलंच."

"नाही," मी म्हणाले.

ते इतक्या झटकन तोंडातून गेलं, की ताईने वळून बघितलं.

६

"त्यांनी ती तोडलेली नाही," मी म्हणाले. "जळणारा माणूस तोडत नाही, ताई. तोडली की संपलं, मग बघायचं काय? तो ती वस्तू जवळ ठेवतो. रोज एकदा काढून बघतो. बघितलं की दुखतं, आणि दुखल्याशिवाय त्याला चैन पडत नाही."

"तुला काय माहीत?"

त्याचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही. "वीस वर्षांची झोपायची जागा सोडून माणूस फरशीवर आडवा होतो. पाठ दुखते म्हणाला, पण बसला तेव्हा ताठ बसला, आणि स्टूल कुठे वळवलं होतं बघितलंस? जिथे खिळा ठेवलेला चालत नाही तिथे काठापर्यंत फळ्या. आणि ती पेटी तळाला कापलेली आहे. फरशीवर ठेवली तर अधांतरी राहते, रुळांच्या पट्ट्या वाकतात. ज्याचं त्या पेटीवर मन आहे तो तिला फक्त एकाच जागी ठेवेल, त्याच जातीच्या हौद्यात."

ताई उठली, आणि मला हात देऊन उठवलं.

आम्ही परत आत गेलो तेव्हा मिस्त्री स्टुलावरच होते. मालकीणबाईंना ताईने बोलावून घेतलं, पाण्याचा हिशोब त्यांच्यापुढे मांडला, दोन वाक्यांत. बाईंनी पावती घेतली, ओठ हलवत बेरीज केली, पुन्हा केली. मिस्त्री हसले, ताई म्हणाली होती तसेच.

"पाणी पिण्यासाठी होतं, बाई. आणि पेटी कुठे आहे मग? खिशात?"

मी हौद्याकडे चालायला लागले. मागून स्टूल पडल्याचा आवाज आला. मी ताडपत्री ओढली, वरची फळी सरकवली, दुसरी सरकवली. तिसरीखाली कांबळं होतं, चारही बाजूंनी बाळाला गुंडाळावं तसं खोचलेलं. त्याच्याखाली नऊ खण होते. एकाही खणाला ओरखडा नव्हता.

७

जावयाला फोन करून बोलावलं. लेकही आली. मिस्त्री हौद्याच्या कडेवर बसले होते आणि त्यांची रुंद मनगटं गुडघ्यांवर नुसतीच पडली होती.

"फोडणार होतो," ते म्हणाले. "बुधवारी संध्याकाळी हातोडा घेऊन उभा होतो. मग एक खण ओढला. इतका अलगद आला बाहेर, की हात उचललाच नाही."

"पण का?" मालकीणबाईंनी विचारलं. "मिस्त्री, तुम्ही? का?"

त्यांनी ताईकडे बघितलं. तिलाही ते माहीत नव्हतं. काटा जेवढं सांगतो तेवढंच ती सांगू शकते. मी टेबलावरचं माहितीपत्रक आणलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

"फुगवट्यांवर रूळ टाकायची कल्पना कोणाची, मिस्त्री?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू हा प्रश्न ऐकायला ते कित्येक दिवस तिथे बसले होते. "दीड वर्ष झालं," ते म्हणाले. "जेवताना बोललो होतो. म्हटलं, फुगवट्यांना शिव्या देण्यापेक्षा त्यांच्या डोक्यावर रूळ टाकून बघावेत. याने डब्यातून मान वर केली नाही. नंतर एक दिवस हाच मला कागद दाखवायला आला, मिस्त्री, मला एक सुचलंय म्हणाला."

जावयाचा चेहरा पांढरा पडला. "मला खरंच वाटलं, मलाच सुचलं," तो म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. ते आठवत नव्हतंच त्याला. आणि क्षणभर मला माझ्या स्वतःच्या जावयाचा असा राग आला की मी त्याच्याकडे बघू शकले नाही.

"मग मला सांगायचं होतंत," बाई म्हणाल्या.

"याने विचारायचं होतं," मिस्त्री म्हणाले.

"माझा संसार मोडायला निघाला होतात तुम्ही," माझी लेक म्हणाली. "एका नावासाठी." मिस्त्रींनी मान खाली घातली. ती अजूनही त्यांच्याशी बोलत नाही, आणि तिचं काही चुकत नाही.

बाईंनी सोमवारी काय ते ठरवू म्हटलं. शनिवारी सकाळी जावई म्हणाला, हौदा मिस्त्रीच भरतील, नियम आहे. त्यांनी भरला. पेटी रुळांवर चढवली, केबिनला टेकवली, दोर आवळले. पाणी नव्हतं. गाडी हलताना त्यांनी खिशातली रंगाची चिंधी काढून फाळक्यावरचा एक डाग पुसला आणि मागच्या दाराने आत निघून गेले. प्रदर्शनात जावयाने पेन काढलं आणि दोनशे माहितीपत्रकांवर स्वतःच्या नावाच्या वर मिस्त्रींचं नाव लिहिलं. अर्ध्यावर त्याचा हात दुखायला लागला, मग लेकीने लिहिलं, ओठ घट्ट मिटून. बाराला परीक्षक आले तेव्हा शाई ओली होती.

दुपारी मी ताईकडे गेले. दोन बस बदलून, आणि इकडून जात होते असं काही म्हटलं नाही. जावयाने दिलेली आजची पावती तिच्यापुढे ठेवली. पुढे नऊशे चाळीस, मागे आठशे साठ.

"आता बरोबर," ती म्हणाली. "सगळे मला फोन करतायत. मी सांगितलं, पेटी माझ्या बहिणीने शोधली. मला जमलं नसतं. तुला कसं कळलं, ते सांगितलं नाहीस."

मी पर्समधून पाकीट काढलं. त्यात पेपरचा पिवळा पडलेला तुकडा होता, घड्यांवर फाटलेला. सदतीस वर्षं तो माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली होता. ताईने चष्मा लावला. वाचायला तिला वेळ लागला.

"ही तर माझ्या काट्याची जाहिरात," ती म्हणाली. "तुझ्याकडे कशी?"

"मी दाखवली होती तुला. ओट्यापाशी, तू कणीक मळत होतीस. तुझे हात भरलेले होते म्हणून मीच वाचून दाखवली."

ताईने आठवायचा प्रयत्न केला. खूप केला, मला दिसत होतं. "मला वाटत होतं, मीच वाचली," ती हळूच म्हणाली.

मी इतकी वर्षं ज्याच्यावर चिडले होते, ते तिच्या लक्षातही नव्हतं. तिने काही लपवलं नव्हतं, काही हिसकावलं नव्हतं. जावयासारखंच.

"त्यात दोन जागा होत्या," ती अजून वाचत होती. तिने बोट ठेवलं. "हे बघ. दोन. तू का नाही केलास अर्ज?"

हा प्रश्न मला कोणीच कधी विचारला नव्हता, आणि मी स्वतःलाही नाही.

"तू म्हणशील म्हणून थांबले होते," मी म्हणाले. "तूही कर, असं."

ती हसली नाही. हसली असती तर मी उठून गेले असते. तिने तो तुकडा घडीवर घडी घालून पाकिटात ठेवला, पण पाकीट मला परत दिलं नाही. स्वतःच्या टेबलाच्या खणात टाकलं आणि खण बंद केला.

"आता हे माझ्याकडे राहू दे," ताई म्हणाली. "चहा टाकते. थांबणार आहेस ना?"

"थांबते," मी म्हणाले.